दाराबाहेरचे सर

दोन्ही हातांनी दोन्ही कान धरून वर्गाबाहेर उभं राहिलेलं पोर तुम्ही पाहिलं असेल. तुमच्यापैकी बरेच जण स्वतःच तसे उभे राहिले असतील. पण कान धरून वर्गाबाहेर उभे असलेले मास्तर पाहिलेत का? आमच्या शाळेत यायचं होतं, पाहायला मिळाले असते. आता येऊन उपयोग नाही, आणि तेच मला सांगायचंय.

चुडाव्याला रेल्वेतून उतरून थोडं आत गेलं की आमचं गाव. तिथल्या शाळेत मी मराठी शिकवते. कान धरणारे मास्तर म्हणजे आमचे इंग्रजीचे सर, झरी गावचे. तासिका तत्त्वावर लागलेले, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढीच तुमची नोकरी, आणि पुढच्या वर्षी तुम्ही असणार की नाही ते संस्थेच्या अध्यक्षांच्या मर्जीवर. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि मनगटं खडूनं पांढरी. ते आले त्याच आठवड्यात मी व्हरांड्यातून चालले होते, तर हे गृहस्थ नववीच्या दाराबाहेर भिंतीला पाठ लावून, कान धरून उभे. मला वाटलं, चक्कर-बिक्कर आली.

"सर, बरं वाटत नाही का?"

"बरं हाय की बाई," ते म्हणाले. "शिक्षा चालू हाय."

आत कुजबुज चालली होती. थोड्या वेळानं एक पोरगा मान खाली घालून दाराशी आला आणि म्हणाला, "सर, द बफेलो गिव्ज मिल्क." सरांनी कान सोडले, पोराच्या डोक्यावर टपली मारली आणि दोघं आत गेले. मी तिथंच उभी. माझ्या तासाची घंटा होऊन गेली होती.

नंतर त्यांनीच मला नियम सांगितला. एखादी गोष्ट पोर पहिल्यांदा चुकलं तर चूक पोराची. तीच गोष्ट दुसऱ्यांदा चुकली तर चूक शिकवणाऱ्याची. मग शिकवणाऱ्यानं बाहेर जाऊन उभं राहायचं, आणि चुकलेल्या पोरानं दाराशी येऊन बरोबर वाक्य सांगेपर्यंत आत यायचं नाही. "पोरं लय हुशार असतेत बाई," ते म्हणाले. "मास्तर बाहेर उभा हाय म्हटलं की सगळा वर्ग त्या एकट्याला शिकवायला बसतो. मला काहीच करावं लागत न्हाई."

हेडसरांना हे अजिबात पटायचं नाही. व्हरांड्यातून जाताना ते मान दुसरीकडे वळवायचे. एकदा गावातले कुणी आले होते, त्यांच्यादेखत सर बाहेर दिसले, तर हेडसर म्हणाले, "ते उन्हाला उभे आहेत." मार्च महिना होता.

इंग्रजीत सरांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. कर्ता एक की अनेक, आणि त्याच्यामागे क्रियापद कसं चालतं. शब्द अडला तर ते सांगायचे, उच्चार वाकडा झाला तर सोडून द्यायचे. पण क्रियापद चुकलं की खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "माणसं मोज. आधी माणसं मोज, मग पुढं बोल." ही त्यांची सवय वर्गापुरती नव्हती. एकदा शाळेचा नळ मोडला, तेव्हा शिक्षकांच्या बैठकीत हेडसर वैतागून म्हणाले, की या गावची पोरं बेशिस्त आहेत. सर कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाले, "किती, सर? माणसं मोजा. एकानं नळ तोडलाय." हेडसरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाकीच्यांनी वह्यांत डोकी घातली. मी हसले, आणि माझं ते हसणं हेडसरांनी बरेच दिवस लक्षात ठेवलं.

एकट्याच्या क्रियापदाला 'एस' का लागतो, हे ते कसं शिकवायचे ते मी दाराआडून ऐकलंय. आमच्याकडे बाई एकटी रानात निघाली, म्हातारं माणूस एकटं दवाखान्यात निघालं, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "थांब, सोबत देतो." आणि मग शेजारचं पोर का होईना, बरोबर पाठवतात. सर म्हणायचे, "ही गीता. एकटीच निघाली. एकटीला पाठवतेत का? मग तिच्या क्रियापदासंगं एस पाठवा, सोबतीला. गीता गोज. आता गीता आणि तिची आई निघाल्या. दोघींना एकमेकींची सोबत हाय. एस घरी बसू द्या."

पोरं ती पोरंच. एकानं विचारलं, "सर, मग 'आय' पण एकटाच असतो. त्याला का न्हाई एस?"

सरांनी हातातला खडू फिरवला. मग म्हणाले, "आपल्यासाठी आपणच सोबत मागायची नसती रे. दुसऱ्यासाठी मागायची."

"आणि 'यू'?"

"समोरच्याला आपण तुमी म्हणतो का न्हाई? तो मानाचा. त्याला एकटा धरायचाच न्हाई."

आता कुणी विद्वान म्हणेल, हे काही व्याकरण नव्हे. नसेल. पण त्या वर्गातलं पोर आज गाढ झोपेतून उठवून विचारलं तरी चुकणार नाही. त्यांच्या आधी जे नियम घोकून घ्यायचे, त्यांची पोरं दहावीच्या पेपरात काय लिहीत होती ते मी सुपरव्हिजन करताना पाहिलेलं आहे.

एक चूक मात्र सरांनाही पुरून उरली होती. वडील, आजोबा, मामा, काका आले की पोरांच्या तोंडात 'आर' यायचं. माय फादर आर. माय ग्रँडफादर आर. येणारच. ज्या घरात आजोबा 'आहे' म्हटलं तर पाठीत धपाटा बसतो, त्या घरातलं लेकरू शाळेत येऊन आजोबांना एका झटक्यात 'इज' कसं म्हणेल? सर म्हणायचे, "इंग्रजीत बाप एकच असतो. मान कमी होत न्हाई त्यानं." पोरं मान डोलवायची आणि परत 'आर' म्हणायची, आणि सर परत बाहेर. एकदा असेच बाहेर उभे असताना मला म्हणाले, "बाई, एक गोष्ट ध्यानात आली का? आईचं वाक्य कुणाचंच चुकत न्हाई. आईला आपण पहिल्यापासून एकेरीच ठेवलंय." मी मराठी शिकवण्यात जन्म घालवला, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

या चुकीवर सर चिडायचे नाहीत. सुटेल हळूहळू, म्हणायचे. ती सुटायच्या आत आमच्याकडे पाहुणे आले.

पाहुणे म्हणजे अध्यक्षांचे एक दोस्त. मोठ्या शहरात त्यांचा कसला तरी व्यवसाय आहे. ते शाळेला भिंतीवर लावायचा मोठा टीव्ही भेट देणार होते, म्हणून शाळेपुढच्या मैदानात मांडव घातला, जिलबी सांगितली, आणि पोरांनी पाहुण्यांसमोर इंग्रजीत ओळख करून द्यावी असं ठरलं. नववीतली एक मुलगी निवडली. तिचं नाव सांगत नाही, आधीच तिचं नाव पुष्कळ फिरलंय. शेतकऱ्याची पोर, धीट, खणखणीत आवाजाची. तिनं माइक हातात घेतला. गाव सांगितलं, शाळा सांगितली. "माय मदर इज अ फार्मर," अगदी बरोबर. आणि मग, "माय ग्रँडफादर आर अ फार्मर. दे सिंग भजन इन द टेंपल."

पाहुणे खुर्चीतूनच हसले. हसले तर हसले, दुसरा माइक तोंडाशी धरून म्हणाले, "अगं, किती आजोबा आहेत तुला?"

मांडव हसला. पुढच्या रांगेतले अध्यक्ष हसले, हेडसर हसले, मागे गाववाले का हसायचं ते न कळता हसले. पाहुण्यांबरोबरचा एक जण मोबाइल वर धरून शूटिंग करत होता, तोही हसत होता, म्हणून त्याचा हात हलत होता. पोरगी माइक धरून तशीच उभी. पुढचं वाक्य तिला येत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठणार तेवढ्यात दुसऱ्या रांगेच्या टोकाला बसलेले सर उठले.

ते घाईनं गेले नाहीत. मधल्या वाटेनं चालत मांडवाच्या दारापर्यंत गेले, बाहेर एक पाऊल टाकलं, वळले, आणि सगळ्यांकडे तोंड करून कान धरून उभे राहिले.

नववीची पोरं पहिल्यांदा गप्प झाली. त्यांना ठाऊक होतं. मग हळूहळू सगळा मांडव गप्प झाला. पाहुण्यांनी विचारलं, "हे कोण? काय चाललंय हे?"

"मी तिला इंग्रजी शिकवतो," सर दारातून म्हणाले. "चूक माझ्या शिकवण्याची हाय. हसायचं तर हिकडं बघून हसा."

हेडसर हातानं खुणा करत होते, खाली घ्या, खाली घ्या. सरांनी हात खाली घेतले नाहीत. अध्यक्ष पाहुण्यांच्या कानाशी लागले. पाहुण्यांनी हातातला नारळ टेबलावर ठेवला आणि मांडवाची मागची कनात उचलून निघून गेले. जिलबीला कुणी हात लावला नाही. मांडववाले खुर्च्या उचलायला लागले तरी सर उभेच होते. शेवटी मी जाऊन म्हटलं, "सर, पाहुणे गेले."

"पोरीनं कुठं बरोबर वाक्य सांगितलंय अजून?" ते म्हणाले.

पण पोरगी केव्हाच घरी पळाली होती.

संध्याकाळपर्यंत ते शूटिंग मोबाइलवर फिरायला लागलं. त्यात पोरगी होती, 'किती आजोबा' होतं, हसणं होतं. सर नव्हते. तेवढं बरोबर कापलं होतं. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मी इथं लिहिणार नाही. एवढंच सांगते, की चौदा-पंधरा वर्षांच्या लेकराला परक्या भाषेत बोलताना हसणारी ही माणसं स्वतः बँकेत गेली की इंग्रजी कागदावर दुसऱ्याला विचारून सही करतात. एका लेकरानं आजोबांना मान दिला, हा तिचा गुन्हा. मला त्या सगळ्यांना ओळीनं अंगठे धरून उभं करायचं होतं.

पोरगी शाळेत यायची बंद झाली. चार दिवस गेले, आठ दिवस गेले. तिच्या वडिलांनी निरोप पाठवला, की पाव्हण्यारावळ्यात हसू झालं, आता शाळा बास. सर माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, तुमी चला माझ्यासंगं. मी एकटा गेलो तर आत बोलावतेन, चहा देतेन आन् वाटंला लावतेन."

रविवारी सकाळी गेलो. अंगणात बाज टाकलेली, तिच्यावर आजोबा बसलेले. पोरीचे वडील गोठ्यातून आले, ओशाळे झाले. "या सर. या बाई. बसा."

सर बसले नाहीत. दाराच्या एका बाजूला भिंतीला पाठ लावून त्यांनी कान धरले.

"सर, आवो असं काय करायलात?" वडील घाबरले. "लोकं बघायलेत."

"बघू द्या. मी चुकलोय. तुमच्या पोरीनं दाराशी येऊन मला आत घ्यायचं, असा आमचा नियम हाय."

आजोबांना काही कळेना. पोर शाळेत का जात नाही हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या समजुतीनं पोरीनंच काहीतरी वावगं केलं होतं, म्हणून ते आठ दिवस तिच्याशी धड बोलले नव्हते. मी बाजेच्या कडेला टेकले आणि सांगितलं. म्हटलं, "बाबा, तिनं चार लोकांत तुमचं नाव काढलं. इंग्रजीत सुद्धा तुम्हाला अहो-जाहो केलं. इंग्रजीत तसं करत नाहीत, म्हणून लोक हसले. एवढंच झालंय."

म्हाताऱ्यानं घराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजी माझ्यापायी लेकराची बेइज्जती झाली?"

"तुमच्यापायी नाही हो बाबा."

त्यांनी ऐकलं नाही. काठी टेकत उठले, सरांपाशी गेले, काठी बगलेत धरली आणि त्यांच्या शेजारी कान धरून उभे राहिले. काठी सारखी निसटायची, ते ती कोपरानं दाबायचे. अंगणाबाहेर बायका जमल्या होत्या. मला रडू आलं आणि रागही आला, कारण ज्यांनी इथं यायला हवं होतं ते मोबाइल बघत कुठंतरी बसले होते.

पोरगी दाराशी आली. डोळे सुजलेले. तिनं सरांकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं.

"आजोबा, हात खाली घ्या."

"तू आधी सरांचं काय हाय ते सांग," आजोबा म्हणाले.

"माय ग्रँडफादर इज अ फार्मर," ती म्हणाली. खणखणीत नाही, पण ऐकू येईल असं म्हणाली. "ही सिंग्ज भजन इन द टेंपल."

सरांनी कान सोडले. आजोबांनी मला विचारलं, "बरोबर बोलली का?" मी म्हटलं, "अगदी बरोबर." दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. वडीलच गाडीवर सोडायला आले होते.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पाहुण्यांनी टीव्ही परत नेला होता, आणि ते अध्यक्षांच्या जिव्हारी लागलं होतं. वर्ष संपलं तेव्हा हेडसरांनी सरांना सांगितलं, की पुढच्या वर्षी तुमच्या तासिका नाहीत. कारण विचारलं तर म्हणे, वर्तन. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हेडसरांशी भांडले, मग थेट अध्यक्षांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर बसले होते. म्हणाले, "बाई, एका माणसासाठी सगळ्या संस्थेला अडचणीत आणायचं का?"

"एका पाहुण्यासाठी तुम्ही सगळ्या शाळेचा मास्तर काढलात," मी म्हटलं. "तेव्हा माणसं कुणी मोजली?"

"तुमची रिटायरमेंट जवळ आली आहे," ते म्हणाले. "नीट पार पडू द्या."

मी भांडायची थांबले नाही, पण माझ्या भांडण्यानं काही हललं नाही. सगळ्यात जास्त राग मला सरांचा आला. मी म्हटलं, तुम्ही स्वतः चार शब्द बोला, गावकरी तुमच्या बाजूनं आहेत, पोरीचे आजोबा यायला तयार आहेत. ते बाह्या दुमडत म्हणाले, "आपल्यासाठी आपणच काय मागायचं, बाई." वर्गात गोड वाटलेलं हे बोलणं मला त्या दिवशी जराही गोड वाटलं नाही. आजही वाटत नाही. या भल्या माणसांच्या असल्या बोलण्यावरच अध्यक्षांचे झोपाळे चालतात.

ते गेले. आता नांदेडला एका क्लासमध्ये शिकवतात. मध्ये फोन आला होता. तिथं वर्ग लय मोठा, म्हणाले, पोरांची तोंडं दिसत नाहीत, आणि दाराबाहेर लगेच जिना आहे, उभं राहायला जागाच नाही. हसत होते. नववीच्या दाराबाहेर भिंतीवर त्यांच्या पाठीनं रंग उडालेला भाग तेवढा आमच्याकडे राहिला.

जूनमध्ये नवे सर आले. अध्यक्षांच्या ओळखीतले, तरुण, चांगल्या इस्त्रीचे. पोरगी आता दहावीत, पण बसायची खोली तीच, नववीची. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत होते आणि खिडकीतून पाहिलं, तर ती दाराबाहेर उभी. कान धरून. त्याच उडालेल्या रंगाला टेकून.

काय चुकली होती ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. मी बघत होते ते तिच्या डोळ्यांकडे. ती फाटकाकडे बघत होती. शाळेचं फाटक दुपारचं उघडंच असतं, तिथून तिचं घर पाच मिनिटांवर. ती एकदा त्या फाटकातून गेली की परत यायची नाही, हे मला कळलं आणि मी पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं.

बाहेर जाऊन मी तिच्या शेजारी भिंतीला पाठ लावली आणि कान धरले. या वयात खांदे दुखतात.

"बाई, तुमी कशाला?" ती पुटपुटली.

"एकटी नको उभी राहूस."

माझ्या वर्गातली पोरं खिडकीला चिकटली. हेडसर कार्यालयातून धावत आले. "बाई, हे काय? काय झालं?"

"शिक्षा चालू आहे, सर."

"कुणाला? कधीपर्यंत?"

"या दाराचा नियम आहे," मी म्हटलं. "शिकवणारा चुकला की बाहेर शिकवणाऱ्यानं उभं राहायचं. आज पोर उभी आहे, म्हणजे चूक आत आहे. आतून कुणीतरी येऊन बरोबर वाक्य सांगेपर्यंत आम्ही इथं आहोत."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. फाटकाकडे पाहायची ती थांबली होती. नवे सर हातात खडू घेऊन दाराशी आले. त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं, हेडसरांकडे पाहिलं, परत आमच्याकडे पाहिलं. आम्हाला घाई नव्हती.